मदत हवी आहे: एक लॅपटॉप, ३६ मुलं आणि अपूर्णांक

खडूफळा
नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीला गणित शिकवते. हाताशी माझा जुना लॅपटॉप, ग्रामपंचायतीकडून मिळालेला टीव्ही आणि माझा फोन. नेट फोनचंच, तेही खिडकीपाशी उभं राहिलं तर. दुपारच्या लाइटचा भरवसा नाही.

गाडी अपूर्णांकांवर अडली आहे. मुलांच्या मते १/६ पेक्षा १/८ मोठा, कारण आठ मोठे. १/३ + १/४ म्हणजे २/७. वहीत लसावि काढून बरोबर उत्तर लिहितात आणि दुसऱ्या दिवशी तोंडी विचारलं की पुन्हा २/७! पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करून व्हिडिओ दाखवले. मन लावून बघतात, पण नुसतं बघतातच. मुलांनी काही केलं की पडद्यावर काही बदलेल, असं काहीतरी हवं आहे.

एका शिक्षकांनी कहूत सुचवलं, म्हणजे फोनवर वेळ लावून खेळायची प्रश्नमंजुषा. आमच्या मुलांकडे फोन नाहीत, आणि उलटं चालणारं घड्याळ बघून माझी सावकाश विचार करणारी मुलं प्रयत्नच सोडतील अशी भीती वाटते. एकाच पडद्यावर सगळा वर्ग कामाला लागेल असं कुणी काही केलं आहे का? नेटशिवाय चाललं तर फारच बरं.

माळावरचा
फेट (PhET, म्हणजे फिजिक्स एज्युकेशन टेक्नॉलॉजी) वापरा, पडद्यावर हाताळून बघायचे विज्ञान-गणिताचे खेळ. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला प्रकल्प आहे, पूर्ण मोफत. नावात भौतिकशास्त्र असलं तरी गणिताचंही बरंच आहे. तुमच्यासाठी 'फ्रॅक्शन्स: इंट्रो'. वर्तुळ, पट्ट्या, चंचुपात्र, केक, संख्यारेषा यांपैकी हवं ते चित्र निवडायचं, छेद वाढवला की तुकडे बारीक होतात, तुकडे ओढून भरायचे.

घरी नेट असताना डाउनलोड करून ठेवा. एकच एचटीएमएल फाइल असते, ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते. भाषांतरांच्या यादीत मराठी आहे का तेही पाहा. नसलं तरी यात वाचायचं फारसं काही नाही.

खडूफळा
आत्ताच उघडून पाहिलं. फारच छान! पेन ड्राइव्हवर घेऊन थेट टीव्हीला लावलं तर चालेल का?

माळावरचा
बहुतेक टीव्ही पेन ड्राइव्हवरचे फोटो नि व्हिडिओ दाखवतात, अशी फाइल उघडत नाहीत. एचडीएमआय केबलने लॅपटॉप जोडा. आणि फाइल फोनमध्येही ठेवा. लाइट गेली तर निदान एका गटाला दाखवता येईल.

निवृत्त_गुरुजी
बाई, साधन चांगलं आहे, पण माऊस तुमच्या हातात राहिला तर तोही व्हिडिओच होईल. एकेका मुलाला पुढे बोलावलंत तर बाकीचे ३५ खिडकीबाहेर बघणार. म्हणून पडदा हलण्याआधी प्रत्येकाचं उत्तर पाटीवर हवं. सहापैकी एक भाग रंगवून ठेवा. विचारा, "आता आठ भाग केले तर रंगवलेला भाग वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील?" पाट्या वर करायला लावा. कोण बरोबर ते सांगू नका. शेजाऱ्याशी वाद घालू द्या, मत बदलायचं तर बदलू द्या, आणि मगच छेद बदला. हार्वर्डचे प्राध्यापक एरिक मझुर १९९० च्या दशकापासून कॉलेजच्या मुलांकडून हेच करून घेत आले आहेत. आधी एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा उत्तर.

बेरजेसाठी एक अडचण लक्षात घ्या. या खेळात छेद ८ च्या पुढे जात नाही, म्हणजे १/३ + १/४ ला लागणारे बारा भाग मिळणार नाहीत. १/२ + १/३ घ्या, सहा भागांत बसतं. मुलं २/५ म्हणतील. म्हणू द्या. मग पडद्यावर आधी १/२ दाखवा आणि नंतर २/५. अर्ध्यात भर घातली आणि अर्ध्याहून कमी कसं झालं? तुमच्या २/७ चंही तेच आहे, तो १/३ पेक्षा लहान. लसाविच्या आधी हा धक्का बसायला हवा. बारा भागांसाठी कागदाच्या पट्ट्या घड्या घालून करा, त्याला लाइट लागत नाही.

उंबरठा
पाट्या नसतील तर प्लिकर्स हे फोनवरचं ॲप बघा. प्रत्येक मुलाला वेगळ्या नक्षीचं छापील कार्ड द्यायचं. कार्डाची कोणती बाजू वर धरली त्यावरून अ, ब, क, ड ठरतं, आणि तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की उत्तरं नोंदली जातात. नक्ष्या वेगळ्या असल्याने शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. नेट मात्र लागतं. आणि चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड पडला की कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही.

सातवीचा_वर्ग
भूमिती आली की जिओजेब्रा, आकृत्या काढून हलवून बघायचं सॉफ्टवेअर. त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढत राहायचं, कोन बदलतात, बेरीज १८०° च राहते. तेही नेटशिवाय चालतं.

खडूफळा
सगळ्यांचे आभार. गुरुजी, पाट्या आहेत, कपाटात धूळ खात पडल्या आहेत. सोमवारी १/२ + १/३ पासूनच सुरुवात करते. प्लिकर्सचं खिडकीपाशी जमतं का ते नंतर बघेन.

अजून एक विचारायचं राहिलं. या खेळात आकडे इंग्रजी येतात आणि आमची काही मुलं ३/४ देवनागरीतच पटकन वाचतात. कुणाला त्रास झाला का?

माळावरचा
आमच्याकडे ६ आणि ९ ला थोडा झाला. टीव्हीशेजारी दोन्ही आकड्यांचा तक्ता लावला. छेद ८ पर्यंतच असल्याने छेदात तरी तुम्हाला ९ ची भानगड नाही.