सोरायसिस: तुमचा अनुभव लिहा

19 वर्षांपूर्वी डाव्या कोपरावर नखाएवढा चट्टा आला. कोरडी त्वचा म्हणून सोडून दिला. मग उजव्या कोपरावर आला, नेमका त्याच जागी. नायटा समजून मलमं चोळण्यात सहा महिने गेले, आणि शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी नाव सांगितलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "किती दिवसांत जाईल?" त्या म्हणाल्या, "आटोक्यात राहील. जाण्याचं वचन कोणी दिलं तर तिथून उठा."

मला समजलं ते असं. त्वचेची पेशी खालच्या थरात तयार होऊन वर येऊन गळायला एरवी साधारण महिना लागतो. आमच्याकडे तेच काम आठवड्याच्या आत उरकतं. जुन्या गळण्याआधी नव्या येऊन ठाकतात आणि पांढरट पापुद्रे साचतात. ही घाई करायला लावते आपलीच प्रतिकारशक्ती. बाहेरून आलेला जंतू नाही, म्हणून शिवल्याने कोणाला लागत नाही.

तुम्हाला कधी कळलं, कशाने उसळतो, कुठे चुकलात ते लिहा. रामबाण उपाय कृपया नकोत, माझ्याकडे 19 वर्षांचा साठा आहे.

*

माझा अकराव्या वर्षी सुरू झाला. घसा दुखून बरा झाला आणि दोनेक आठवड्यांनी पाठीपोटावर लाल ठिपके, रंग शिंपडल्यासारखे. आईला वाटलं गोवर. डॉक्टरांनी अंगाकडे बघता बघता विचारलं, "मध्यंतरी घसा धरला होता का?" घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे मुलांमध्ये या प्रकारचा सोरायसिस उठू शकतो. काही महिन्यांत अंग स्वच्छ झालं, आम्ही विसरलोही.

27व्या वर्षी डोक्यात परतला. मी कोंडा समजून शाम्पू बदलत बसले. तो केसांच्या कडेवरून कपाळावर उतरला, कानामागे गेला, तेव्हा आईनेच ओळखला.

*

लाज वाटते, पण लिहितो. एकाकडून पुड्या आणल्या. वर औषधाचं नाव नाही. मीही विचारलं नाही, कारण आठ दिवसांत अंग कोरं झालं होतं आणि कितीतरी वर्षांनी मी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता. पुड्या संपल्या, पुन्हा आणल्या नाहीत. बरा झालो होतो ना!

तिसऱ्या आठवड्यात डोक्यापासून पायापर्यंत लाल. चट्टे नाहीत, सलग. अंगाला हात लावला तर गरम आणि मी थंडीने कुडकुडतोय. एवढी त्वचा बिघडली की शरीराला पाणी आणि ऊब धरून ठेवता येत नाही. नऊ दिवस रुग्णालयात काढले. पुड्यांत स्टेरॉइड असणार, असं तिथल्या डॉक्टरांचं मत पडलं. सोरायसिसमध्ये पोटातून घेतलेलं स्टेरॉइड एकदम तुटलं की रोग असा उलटू शकतो.

स्टेरॉइडचं मलम ही वेगळी गोष्ट. ते मी आजही लावतो, पण कुठे, किती आणि किती दिवस हे डॉक्टरांकडून लिहून घेतलंय.

*

अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. टाके सुकले आणि बरोबर त्या रेघेवर सोरायसिस उगवला, पट्टीने आखल्यासारखा. जखमेच्या जागी असं होणं याला कोबनर म्हणतात, हे मागाहून कळलं. तेव्हापासून घड्याळ सैल बांधते आणि खपल्या उकरत नाही. (उकरते. कमी उकरते.)

*

रोग नवऱ्याला, अनुभव माझा. लग्न ठरताना त्याने पँट गुडघ्यापर्यंत वर करून दाखवली होती, "हे आहे, बघून घे." इतका मोकळा माणूस, म्हणून मला पुढचं कळायला चार वर्षं लागली. तो पहाटे उठून चादर झटकायचा. मला वाटायचं, काय शिस्त आहे! एकदा तापात पडला होता, मी झटकायला घेतली, तर हातातून ओढून घेतली आणि रडला.

बाहेरचं काय सांगू. केस कापणाऱ्याने मान बघून कात्री खाली ठेवली, तेव्हा हा काही न बोलता उठून आला. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी चट्ट्यांआधी झोप आणि मन कसं आहे ते विचारलं, आणि समुपदेशकाकडे पाठवलं. ते आधी व्हायला हवं होतं. लेकीला होईल का, हेही विचारलं. शक्यता इतरांपेक्षा जास्त, पण होईलच असं नाही.

चादर आता जो आधी उठेल तो झटकतो.

*

सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनो, गोळी आठवड्यातून एकदाच! रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. आमच्या फ्रिजवर मोठ्या अक्षरात "गुरुवार" लिहिलंय. शिवाय फोलिक ॲसिड आणि ठरावीक काळाने रक्त तपासणं, यकृतासाठीसुद्धा. मूल हवं तर ती डॉक्टरांच्या सल्ल्याने बऱ्याच आधी थांबवावी लागते. गरोदरपणी माझं अंग सुरेख होतं, बाळंतपणानंतर सगळं परत. आता बायोलॉजिक इंजेक्शन (प्रतिकारशक्तीचा नेमका एक भाग दाबणारं) चालू आहे. त्याआधी क्षयाची तपासणी झाली, कारण हे औषध शरीरात दबून असलेला क्षय जागा करू शकतं.

*

माझे चट्टे एवढेसेच, बेंबीत आणि डोक्यात. म्हणून मी स्वतःला सौम्य रोगी समजत होतो. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे होते, ते बुरशीच्या खात्यात टाकले. टाच दुखायची, ती बुटांच्या खात्यात. सकाळी उठल्यावर तासभर बोटं मिटायची नाहीत, ते वयाच्या. (वय 38!) मग पायाचं एक बोट अख्खं सुजून गाजरासारखं झालं आणि खाती संपली.

संधिवाततज्ज्ञांनी सगळं एका कागदावर मांडलं: सोरायसिसचा संधिवात. दहांतल्या दोघातिघांना होऊ शकतो, आणि चट्टे थोडे म्हणून सांधे सुटतात असं नाही. बहुतेकांना त्वचेनंतर काही वर्षांनी होतो. औषधाने सूज उतरली. पण एका बोटाचा सांधा तोवर झिजला होता, तो वाकडाच राहिला. त्वचा भरून येते, सांधा येत नाही. मला कोणी नखं बघायला सांगितलं असतं तर.

*

वरचा प्रतिसाद वाचून दिवा लावला. डाव्या अंगठ्यावर सात खड्डे, मधल्या बोटावर चार. टाच गेल्या वर्षापासून दुखतेय. दादा, संधिवाततज्ज्ञांकडे थेट जायचं, की आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे?

*

ताई, त्वचेच्या डॉक्टरांची वेळ आधी मिळत असेल तर तिथे. मोजे काढून टाच दाखवा. ते चट्टेच बघतील, टाचेचं तुम्हालाच सांगावं लागेल.