‘अटी वाचा’ म्हणणाऱ्या शहाण्यांसाठी

हाउन्स्लोकर
परवा चिंतूदादांनी इथे ज्ञान वाटलं: "ब्रिटिश ऑनलाइन कॅसिनोत पैसे अडकतात ते फक्त आळशी लोकांचे. लायसन बघा, अटी वाचा, पासपोर्ट आधीच चढवून ठेवा, दोन तासांत पैसे खात्यात." खाली अंगठ्यांची रांग.

गप्प बसणार होतो, पण राहवत नाही. दादा, मी अटी वाचल्या होत्या. सगळ्या. फेल्थमला ट्रेन अडकली होती, दुसरा उद्योग नव्हता. ३५ पट वेजरिंग, म्हणजे बोनसच्या ३५ पट रकमेच्या पैजा लावल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत; स्लॉट मशिनच्या एका स्पिनला पाच पौंडांची मर्यादा, ब्लॅकजॅकच्या पत्त्यांवर लावलेल्याचे त्यात दहाच टक्के धरणार, लाइव्ह टेबल शून्य. नोव्हेंबरात शंभर पौंड भरले, वर शंभराचा बोनस. ३,५०० पौंडांचं वेजरिंग रात्री जागून पुरं केलं आणि २,३४० पौंड काढायला टाकले. आज अकरावा आठवडा आहे. आधी पासपोर्ट, मग सेल्फी, मग तीन महिन्यांचं स्टेटमेंट. ते पाठवलं तर म्हणे कडा कापल्यात. मग पगाराची स्लिप. उत्तर देणारा दर वेळी नवा, आणि प्रत्येक जण सुरुवात "आपली गैरसोय झाली त्याबद्दल" पासून करतो.

जुगारावर देखरेख करणाऱ्या इथल्या गॅम्ब्लिंग कमिशनचा ७ मे २०१९ पासूनचा नियम आहे: ओळख पटवायची ती खेळायच्या आधी. आधी मागता आली असती अशी माहिती पैसे काढायच्या वेळी पुढे करून अडवायचं नाही. मग हे काय आहे? भरताना चार सेकंद लागले होते.

चिंतूदादा_लेस्टर
माझं नाव घेऊन धागा काढलास, धन्यवाद. माझं पूर्ण वाक्य "लायसन बघा, अटी वाचा, आणि बोनस घेऊ नका" असं होतं. शेवटचा तुकडा सोयीने गिळलास. बोनस नाही तर वेजरिंग नाही, वेजरिंग नाही तर अडवणूक नाही. सहा वर्षं मी एका कार्डाने भरतो, त्याच कार्डावर काढतो. एकदाही तक्रार नाही.

रेडिंगची_मीना
दादा, "बोनस नाही तर अडवणूक नाही" हे चूक आहे. मी अडीच वर्षं एका बेटिंग कंपनीच्या केवायसी टीममध्ये होते. कुठली ते विचारू नका. बोनसवरून अडलेली खाती एका बाजूला, नाव न जुळल्याने अडलेली दुसऱ्या बाजूला. आणि दुसऱ्या बाजूला आपली माणसं भरपूर. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, बँकेत फक्त आद्याक्षर, खातं उघडताना मधलं नाव गाळलेलं. बायकांचं तर विचारूच नका: पासपोर्ट माहेरच्या नावाचा, कार्ड सासरच्या, कौन्सिल टॅक्सच्या बिलावर नवऱ्याचं एकट्याचं नाव. वर कुणीतरी बीआरपीचा, म्हणजे इथल्या निवास परवान्याच्या कार्डाचा, फोटो पाठवतो. ती कार्डं ३१ डिसेंबर २०२४ लाच संपली, बाबांनो! पासपोर्ट द्या.

बोनसचं गणित मात्र दादांच्या बाजूने आहे. ३,५०० पौंड फिरवायचे, स्लॉट ९६ टक्के परत देणारा, म्हणजे सरासरी १४० पौंड जाणार. मिळालेला बोनस शंभरचा. हाउन्स्लोकर, तू नशिबाने जिंकलास, हिशेबाने नाही.

चिंतूदादा_लेस्टर
ऐका. आतल्या माणसाने सांगितलं.

क्रॉयडनचे_आजोबा
१९७४ पासून या देशात आहे. शनिवारी फुटबॉल पूल्सचं, म्हणजे सामन्यांचे निकाल ओळखायचं, कूपन भरायचो, हरलो तर रविवारी मटण नाही, एवढाच जुगार. खरा घात केला तो बेटिंगच्या दुकानांतल्या मशिनांनी. एका दाबाला शंभर पौंड! एप्रिल २०१९ मध्ये त्याचे दोन पौंड केले, तोवर आमच्या रस्त्यावरची तीन घरं बसली होती. त्यावर कुणी धागा काढला नाही.

हाउन्स्लोकर
आजोबा, विषय ऑनलाइनचा आहे. मीना, तुझ्या गणिताला माझी हरकत नाही. पण १९ जानेवारी २०२६ पासून वेजरिंग दहा पटींच्या वर ठेवायचं नाही असा नियम सरकारी यंत्रणेलाच करावा लागला ना? म्हणजे ३५ पट ही लूट होती हे त्यांनीच कबूल केलं. मी दोन महिने आधी जन्मलो हा माझा गुन्हा?

रेडिंगची_मीना
ती लूट होती, मान्य. शंभरावर दहा पट म्हणजे हजार फिरवायचे, सरासरी चाळीस जाणार. आता बोनस निदान कागदावर तरी फायद्याचा दिसतो. पण एप्रिल २०२६ पासून ऑनलाइन गेमिंगवरचा कर २१ ऐवजी ४० टक्के. तो कंपन्या स्वतःच्या खिशातून भरतील असं वाटतंय का? बोनसच आखडतील.

आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. बोनस चालू असला तरी स्वतः भरलेले आणि अजून न खेळलेले पैसे कधीही काढता आले पाहिजेत. २०१८ साली सीएमए या स्पर्धेवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने कंपन्यांना यावरूनच वाकवलं होतं. बोनस सोडून द्यावा लागेल, पण आपले पैसे आपले.

पणजीकर
म्हणून म्हणतो मांडवीतल्या बोटीवर या. चिप्स द्यायच्या, रोख घ्यायची. सेल्फी नको, पगाराची स्लिप नको.

चिंतूदादा_लेस्टर
आणि जायच्या-यायच्या विमानाचं वेजरिंग किती पट?

रेडिंगची_मीना
हाउन्स्लोकर, तुझ्या पोस्टमध्ये एक गोष्ट खटकते. पगाराची स्लिप. महिन्याला निव्वळ दीडशे पौंडांवर भरणा गेला की जी तपासणी होते ती सार्वजनिक नोंदींवरून होते, दिवाळखोरी आहे का, कोर्टाचे हुकूम आहेत का, वगैरे. त्यात ग्राहकाकडे कागद मागत नाहीत, आणि तू तर शंभरच भरलेस. स्टेटमेंट आणि त्यावर स्लिप मागतात तेव्हा बहुधा पैसा कुणाचा याचा संशय असतो. कार्ड कुणाच्या नावाचं होतं?

हाउन्स्लोकर
घरातलंच.

रेडिंगची_मीना
घरातलं म्हणजे?

हाउन्स्लोकर
बायकोचं. पण खातं जॉइंट आहे, माझाच पगार त्यात जातो. त्या खात्यावर माझं नाव आहे! मग तिसऱ्या माणसाचं कार्ड कसं झालं ते?

चिंतूदादा_लेस्टर
अरे वा! "अटी वाचल्या होत्या, सगळ्या." फेल्थमला ट्रेन थोडी आणखी अडकायला हवी होती.

शुभदा_के
चिंतूदादा, थट्टा नंतर. हाउन्स्लोकर, तिला माहीत होतं का?

हाउन्स्लोकर
याचा विड्रॉवलशी काय संबंध? शंभर पौंड होते, घर नाही विकलं.

शुभदा_के
संबंध आहे. मी तुझ्या बायकोच्या जागी होते. मुलीच्या शाळेच्या सहलीचे पैसे भरायला गेले तर कार्ड नाकारलं, तेव्हा कळलं की चार महिने माझ्या कार्डाचा नंबर कुणाच्या तरी फोनमध्ये होता. पुढे मॉर्गेजला गेलो, ब्रोकरने स्टेटमेंटवर बोट ठेवून विचारलं, "हे कोण खेळतं?" माझं नाव होतं तिथे. मी आयुष्यात लॉटरीचं तिकीट काढलेलं नाही. त्या कंपनीने माझं कार्ड तेव्हाच अडवलं असतं तर मी त्यांना पेढे पाठवले असते.

हाउन्स्लोकर
तुमच्याबद्दल वाईट वाटलं, पण मी तुमचा नवरा नाही. प्रत्येक खेळणाऱ्याला व्यसनी ठरवायची इथे सवयच आहे.

शुभदा_के
व्यसनी कोण म्हणालं? मी "माहीत होतं का" एवढंच विचारलं. उत्तर अजून आलेलं नाही.

मँचेस्टर_मंदार
अहो, तुम्ही सगळे त्याच्या संसारात कशाला शिरताय? कंपनीने दोन हजार गिळलेत. कोर्टात जा रे. २०२१ मध्ये बेटफ्रेडने १७ लाख पौंडांचं ब्लॅकजॅक 'सॉफ्टवेअरची चूक' म्हणून नाकारलं, हायकोर्टाने अटींची चिरफाड करून खेळाडूला पैसे दिले. २०२५ मध्ये पॅडी पॉवरचं तसंच: पडद्यावर दहा लाखांचा जॅकपॉट दाखवला, हातावर वीस हजार ठेवले, कोर्टाने पूर्ण द्यायला लावले. अटींच्या ढिगात पुरलेलं कलम चालत नाही हो!

रेडिंगची_मीना
मंदार, दोन्ही निकाल खरे. पण दोन्हीकडे माणूस आपल्याच खात्यातून खेळत होता आणि चूक यंत्राची होती. इथे "फक्त स्वतःच्या नावाचं कार्ड" ही अट पुरलेली नसते, कार्ड भरायच्या पानावरच असते. मनी लाँडरिंगच्या धाकाने तिथे कंपन्या हटत नाहीत. जॉइंट खात्यातल्या त्याच्या *स्वतःच्या* कार्डाने भरलं असतं तर बहुतेक ठिकाणी चाललं असतं. म्हणूनच विचारते, त्याच खात्याचं तुझंही कार्ड असेल ना? ते का नाही वापरलं?

हाउन्स्लोकर
माझ्या कार्डावर गॅम्ब्लिंग ब्लॉक आहे.

चिंतूदादा_लेस्टर
बँकेने लावला?

हाउन्स्लोकर
नाही. मीच. २०२३ मध्ये एक महिना वाईट गेला होता. ॲपमध्ये बटण असतं. काढायला माझ्या बँकेत ४८ तास थांबावं लागतं आणि बोनसची मुदत त्याच रात्री बारापर्यंत होती. झालं समाधान? आता सांगतो उरलेलंही, नाहीतर मीना काढेलच. कंपनीने गेल्या आठवड्यात कळवलंय की शंभर परत देतो, जिंकलेलं रद्द.

चिंतूदादा_लेस्टर
म्हणजे "आज अकरावा आठवडा आहे" हे…

क्रॉयडनचे_आजोबा
चिंतामणी, पुरे. पडलेल्याला लाथ मारू नये. तू २०१९ मध्ये दिवाळीच्या फराळाला आमच्याकडे येऊन काय सांगितलं होतंस ते मी इथे लिहू का?

चिंतूदादा_लेस्टर
आजोबा, ते वेगळं होतं.

बरं, लिहितो मीच. कुरासाओ या कॅरिबियन बेटाच्या लायसनवाल्या एका साइटवर क्रिप्टोने पैसे भरले होते, तीनशे टक्के बोनस होता म्हणून. १८० पौंड गेले, साइटही गेली, विचारायला माणूस नव्हता. "आपली गैरसोय झाली" म्हणायलासुद्धा. म्हणूनच मी लायसन लायसन करत असतो. तुझी कंपनी निदान ईमेलला उत्तर देते, हाउन्स्लोकर, ही चैन समज.

हाउन्स्लोकर
दादांनी माफी मागितली असं मी धरून चालतो.

चिंतूदादा_लेस्टर
धर. दहा पट वेजरिंग केलंस की खरी होईल.

मँचेस्टर_मंदार
तरी माझा मुद्दा उरतोच. कार्ड दुसऱ्याचं आहे हे भरताना चार सेकंदांत कळत नव्हतं, जिंकल्यावर बरोबर कळलं? हरला असता तर ते शंभर पौंड "बायकोचं कार्ड आहे, घ्या परत" म्हणून आले असते का?

रेडिंगची_मीना
नसते आले. हे मी नोकरीत असतानाही विचारलं होतं आणि मॅनेजरने चहा प्यायला पाठवलं होतं. तेवढा मंदारचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे.

हाउन्स्लोकर, ऐक. तक्रार केल्यापासून आठ आठवडे होऊन गेलेत. आता ते 'अंतिम उत्तर आहे' असं लेखी माग आणि त्यांच्या अटींत दिलेल्या तटस्थ संस्थेकडे जा, आयबास (IBAS) असेल किंवा ईकोग्रा. खेळाडूला फुकट असतं. कमिशनला लिहून पैसे मिळत नाहीत, ते वैयक्तिक तक्रारी सोडवत नाहीत, फार तर नोंद घेतात. तिथे मंदारचाच मुद्दा मांड: भरताना नाव का तपासलं नाही, आणि कार्डाचं कारण दहाव्या आठवड्यात का सांगितलं. २,३४० मिळतील असं मला वाटत नाही. आणि ब्लॉकबद्दल विचारलं तर खरं सांग.

शुभदा_के
आणि त्यांच्या आधी घरात सांग. जॉइंट खात्याचं स्टेटमेंट तिलाही दिसतं.

हाउन्स्लोकर
ती शनिवारी पुण्याहून परत येतेय.

शुभदा_के
मग शनिवारी.

हाउन्स्लोकर
बघतो. पण ३५ पट ही लूटच होती.

शुभदा_के
होती बाबा. लूटच होती.

मीना, जाता जाता एक. माझ्या पासपोर्टवर अजून माहेरचं नाव आहे आणि बँकेत सासरचं. आता तर सासरही राहिलेलं नाही. कॅसिनो नाही, रिमॉर्गेज करायचंय. काय लागेल?

रेडिंगची_मीना
मॅरेज सर्टिफिकेट, आणि घटस्फोट झाला असेल तर त्याची फायनल ऑर्डर. मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर. बाकीचं व्यक्तिगत निरोपात कळवते.

पिंपरीकर_०७
मस्त माहिती!! सगळं नाही वाचलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले ना, तर व्हीपीएन लावून यूकेच्या साइटवर खातं काढता येईल का? लंडनला चुलतभाऊ आहे, त्याचा पत्ता आणि कार्ड वापरेन.

क्रॉयडनचे_आजोबा
मीना, याला तू सांगतेस की मी सांगू?