रिव्ह्यू, व्हीएआर आणि रोखून धरलेला जल्लोष: तुमचे अनुभव सांगा

फुटबॉलमध्ये गोल झाला की आता मी आधी लाइन्समनच्या झेंड्याकडे बघतो, मग पंचाच्या इअरपीस लावलेल्या कानाकडे. हात कानावर गेला की संपलं! 2018च्या विश्वचषकापासून व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून मदत करणारा पंच आला, 2022ला ऑफसाइड टिपणारी अर्धस्वयंचलित यंत्रणा आली. निकाल जास्त अचूक झाले, हे मान्य. पण ज्या क्षणासाठी आपण नव्वद मिनिटं जीव टांगणीला लावतो, तो क्षण हप्त्याहप्त्याने मिळतो आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. तुमच्या खेळात काय चाललंय? मतं नकोत असं नाही, पण सोबत बघितलेला प्रसंग हवा.

*

तक्रार मान्य, पण 2010चा विश्वचषक आठवा. जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू गोलरेषेच्या चांगला आत पडला आणि गोल दिला नाही. 2-2 व्हायचं ते 2-1च राहिलं, शेवटी 4-1. मी इंग्लंडचा चाहता नाही, तरी त्या रात्री झोप लागली नाही. 2014पासून विश्वचषकात पंचाच्या घड्याळावर लगेच इशारा येतो, त्यावर कोणी भांडत नाही. चेंडू रेषेपलीकडे गेला की नाही, हे यंत्राला विचारा. हँडबॉल मुद्दाम होता का, हे त्याच दृश्याची पारायणं करून कळत नाही. उलट संथ गतीत सगळंच मुद्दाम केल्यासारखं दिसतं.

*

क्रिकेटवाली बोलते. डीआरएसने, म्हणजे पंचाच्या निर्णयावर रिव्ह्यू मागायच्या सोयीने, मला खेळ नव्याने शिकवला. रिव्ह्यू जपून वापरणं हे आता कर्णधाराचं कौशल्य आहे. हेडिंग्ली, 2019: इंग्लंडला 2 धावा हव्यात, एकच गडी बाकी, लायनचा चेंडू स्टोक्सच्या पॅडवर, पंच म्हणाले नाबाद. रिप्लेत तीन लाल दिवे, म्हणजे स्पष्ट बाद! पण ऑस्ट्रेलियाने शेवटचा रिव्ह्यू आदल्याच षटकात घालवला होता. याला मी अन्याय म्हणणार नाही. ती त्यांची चूक होती, आणि म्हणूनच तो सामना इतका थरारक झाला.

*

टेनिस. 2025पासून विम्बल्डनमध्ये रेषेवरचे पंच नाहीत, सगळं यंत्रावर. त्याच वर्षी पाव्ल्युचेन्कोवा–कार्तल सामन्यात कोर्टाच्या त्या भागातली यंत्रणा बंदच होती. चेंडू उघड बाहेर, यंत्राचा ‘आउट’ असा आवाज नाही, गुण पुन्हा खेळवला आणि पाव्ल्युचेन्कोवाने तो गेम गमावला. सामना तिने जिंकला, हे तिचं मोठेपण. खुर्चीतल्या पंचाने डोळ्यांनी दिसत असतानाही निर्णय देऊ नये, हे मला पटत नाही. फ्रेंच ओपनमध्ये पंच खाली उतरून मातीवरची खूण तपासतो, ते बघायला मला अजून आवडतं.

*

स्टेडियममध्ये बसणाऱ्यांचं कोण ऐकणार? घरी बसलेल्याला दहा कोनांतून दिसतं, आम्ही आपले पडद्यावरची ‘तपासणी सुरू’ ही पाटी वाचतोय. 2023च्या महिला विश्वचषकात पंचांनी माइकवरून निर्णय जाहीर केला, तेवढं सगळीकडे करा. रग्बीत तर पंचांचं बोलणं प्रेक्षकांना कधीपासून ऐकू येतं.

*

मी क्लबच्या क्रिकेट सामन्यांत पंचगिरी करतो. पायचीत दिलं की बारा वर्षांची पोरं हाताने टी करतात, म्हणजे रिव्ह्यूची खूण. इथे ना कॅमेरा, ना तिसरा पंच. मी सांगतो, बाळा, मला जे दिसलं ते दिलं. टीव्हीवर दर सामन्यात पंचांचे निर्णय फिरताना बघून पंच चुकणारच असं मुलांनी धरून चाललंय. हौशी सामन्यांना पंच मिळणं आधीच कठीण, तिथे हा अविश्वास फार जड जातो.

*

धागाकर्ता: वरच्या पंचकाकांचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. एक भर घालतो. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने 2026च्या हंगामासाठी स्ट्राइक-बॉलच्या (टाकलेला चेंडू फलंदाजाच्या ठरलेल्या पट्ट्यातून गेला की बाहेरून, या) निर्णयाला आव्हान द्यायची सोय मंजूर केली. संघाला दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. आव्हान द्यायचं ते फक्त फलंदाज, पिचर (चेंडू टाकणारा) किंवा कॅचरने (फलंदाजामागे चेंडू झेलणारा), डगआउटमध्ये बसलेल्या संघाकडे न बघता, तिथल्या तिथे. मूळ निर्णय पंचाचाच, शंका खेळाडूची, यंत्राला विचारलं तरच ते बोलणार. फुटबॉलनेही हेच करून बघावं असं मला मनापासून वाटतं. हॉकीवाल्यांनो, तुमच्याकडे संघाचा रेफरल (निर्णय व्हिडिओवर तपासायची मागणी) कधीचा आहे, तुम्ही लिहा ना.