मदत हवी आहे: मेकअपमध्ये कशावर पैसे घालायचे आणि कशावर वाचवायचे?

कृष्णकमळ
डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लग्न आहे. मेकअपच्या सामानासाठी ६ हजार बाजूला ठेवलेत, त्यात सगळं बसवायचंय. करणार घरीच, माझी मी. फाउंडेशन, त्याच्या खाली लावायचा प्रायमर, डाग झाकायचा कन्सीलर, पावडर, ब्लश, काजळ, मस्करा, लिपस्टिक एवढी यादी झाली आहे. यातलं चांगल्यातलं काय घ्यायचं आणि तुळशीबागेतून काय आणलं तरी चालेल, एवढंच सांगा.

साखरपुड्याला दुकानातल्या मुलीच्या सांगण्यावरून पंधराशेचं फाउंडेशन घेतलं होतं. आरशात छान दिसलं. फोटो आले तर चेहरा पांढराफटक आणि मान सावळी. तो अल्बम मी कुणाला दाखवलेला नाही. परत तसं व्हायला नको. रविवारी खरेदीला जाणार आहे, त्याआधी उत्तरं हवीत.

चाफेकळी
त्वचा तेलकट की कोरडी? हॉल की लॉन? मुहूर्त सकाळचा की गोरज? हे कळल्याशिवाय कुणी काय सांगणार? आणि अगं, स्वतःच्या लग्नात स्वतः मेकअप करू नकोस. गौरीहराशी बसायचं असतं, डोक्यात शंभर गोष्टी असतात, हात स्थिर राहत नाही.

सदाफुली_७
सगळे पैसे फाउंडेशनवर घाल. एस्टी लॉडरचं डबल वेअर घे, नाहीतर मॅकचं. माझं लग्न मे महिन्यातलं. सकाळी ७ ला लावलं ते पाठवणीपर्यंत जागचं हललं नाही. बाकी काहीही चालतं.

हिशेबी
सहा हजारांतले चार हजार एका बाटलीवर? मग उरलेल्या सात वस्तू कशात आणायच्या? हे नावाचे पैसे आहेत. मेबेलिन १९९६ पासून लॉरिआलकडे आहे, महागडं लॅन्कोमही त्यांचंच. मी कित्येक वर्षं मेबेलिनचं फिट मी वापरते, कुणाला फरक कळलेला नाही.

सदाफुली_७
मालक एक म्हणून माल एक होत नाही. गव्हाळ रंगाला स्वस्तात नेमकी छटा मिळत नाही, एक गुलाबी पडते आणि पुढची एकदम विटकरी. मी तीन बाटल्या वाया घालवल्यावर महागाकडे वळले.

हिशेबी
कधीची गोष्ट ही? आता स्वस्तातही भरपूर छटा येतात. एकदा परत जाऊन बघ.

मंडईजवळची
मेकअपचं होईल गं, मुंडावळ्या आधी बघ. फार घट्ट बांधल्या की दोऱ्याखालचं सगळं पुसलं जातं. माझ्या फोटोंत कपाळावर दोन आडवे पट्टे आहेत.

कृष्णकमळ
कृपया वाद नको, माझ्याकडे चार दिवस आहेत. त्वचा कोरडी, थंडीत गाल ओढल्यासारखे होतात. रंग गव्हाळ. मुहूर्त सकाळी ११ चा, डीपी रोडला लॉनवर, संध्याकाळी तिथेच स्वागत समारंभ. गौरीहर आणि मुंडावळ्या माझ्या लेकीच्या. लग्न तिचं आहे, मी तिची आई. वय ५४, चष्मा आहे. तिची मेकअपवाली माझंही करायला तयार आहे, पण मला माझाच चेहरा हवाय, जरा नीटनेटका. आजवर काजळ आणि पावडर याच्यापुढे मी गेलेले नाही.

चाफेकळी
अहो काकू, हे पहिल्या ओळीत लिहायचंत ना! माझं वरचं सगळं मागे घेते. अगंतुगं केलं त्याबद्दल माफ करा.

कृष्णकमळ
माफी कसली, अगं म्हटलेलं गोड वाटलं. मला वाटलं मी लिहिलंय.

रंगरेषा
काकू, मी दहा वर्षं लग्नांचे मेकअप करते, नवरीचे आणि नवरीच्या आयांचेही. ५४ व्या वर्षी आणि कोरड्या त्वचेला वरचे बरेच सल्ले उलटे पडतील.

आधी ते पांढरे फोटो. दोन कारणं असू शकतात. छटा दुकानातल्या दिव्याखाली मनगटावर बघितली असणार. मनगटाचा रंग चेहऱ्याचा नसतो. दुसरं, एसपीएफवाल्या, म्हणजे उन्हापासून बचाव करणाऱ्या फाउंडेशनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असेल तर ते फ्लॅशचा उजेड परत फेकतं. सिलिकाची पावडरही तेच करते. आरशात काही कळत नाही, फोटोत चेहरा पांढरा येतो. सकाळी लॉनवर ऊन असेल, तिथे प्रश्न नाही. संध्याकाळी फ्लॅश असणार, म्हणून फाउंडेशन एसपीएफ नसलेलं बघा.

पैसे फाउंडेशनवरच घाला, पण चार हजार नकोत. डबल वेअर चांगलंच आहे, फक्त ते मॅट, म्हणजे बिनचमकीचं आहे आणि कोरड्या गालांवर ताणल्यासारखं बसेल. तुम्हाला पातळ, किंचित ओलसर दिसणारं हवं. रविवारी चेहऱ्याला नुसतं क्रीम लावून जा. गाल संपून मान सुरू होते तिथे जबड्याच्या कडेवर तीन छटांचे पट्टे ओढायला सांगा, दुकानाबाहेर उजेडात या आणि अर्धा तास थांबा. बरीच फाउंडेशन्स वाळता वाळता गडद होतात. जो पट्टा शोधावा लागेल तो तुमचा.

प्रायमर घेऊच नका. ते पैसे चांगल्या मॉइश्चरायझरवर घाला आणि ते लावल्यावर पंधरा मिनिटं जाऊ द्या. सिलिकॉनचा प्रायमर आणि पाण्यातलं फाउंडेशन एकमेकांवर बसलं नाही तर बोट फिरवल्यावर मळासारख्या वळ्या निघतात. पावडर आहे ती पुरे, तीही फक्त नाकाच्या बाजूंना आणि हनुवटीला. डोळ्यांखाली अजिबात नको. तिथे बसली की एकेक सुरकुती पेन्सिलीने काढल्यासारखी दिसते. चष्म्याचे पॅड टेकतात तिथे फाउंडेशन जवळजवळ नकोच, नाहीतर चष्मा काढला की दोन डाग.

मस्करा स्वस्तातला घ्या, पण वॉटरप्रूफच. होमाचा धूर आहे, कन्यादान आहे, पाठवणी आहे. उघडलेला मस्करा तीन महिन्यांत टाकून द्यायचा असतो, महाग घेऊन काय करणार? ब्लश वेगळा नको, लिपस्टिकचाच ठिपका गालावर बोटाने विरवा. आणि नवं जे घ्याल ते कानामागे लावून दोन दिवस बघा.

आजीचा_बटवा
एवढी रसायनं कशाला? रोज मसुराचं पीठ आणि साय लावा, पंधरा दिवसांत चेहरा असा उजळेल की काही लागणार नाही.

रंगरेषा
साय लावा, पीठ हलक्या हाताने. लिंबू मात्र नको, कोरडी त्वचा चरचरते. आणि चेहरा उजळायला हवाय असं काकू कुठे म्हणाल्या?

कोथरूडकर_बाबा
रविवारी तुळशीबागेत गाडी अजिबात नेऊ नका. वनाजहून मेट्रो धरा, सिव्हिल कोर्टला बदला आणि मंडईला उतरा. बायको आणि मी आता असंच जातो. ब्रँडची एवढी चर्चा चालली आहे म्हणून सांगतो, लॅक्मे १९५२ साली टाटांनी काढली. लॅक्मे म्हणजे लक्ष्मीचंच फ्रेंच रूप.

हिशेबी
बाबा, धागा मेकअपचा आहे, पण मेट्रोचं बरोबर आहे. काकू, तुळशीबागेतून स्पंज, ब्रश, पिना, आकडे, टिकल्या बिनधास्त घ्या. तोंडाला लागणारं मोठ्या ब्रँडचं तिथल्या टपरीवर निम्म्या किमतीत दिसलं तर घेऊ नका. परदेशी मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक लागतो. तो नसेल तर ठेवून द्या.

सदाफुली_७
यावर माझं आणि हिशेबीचं एकमत. आणि कोरड्या त्वचेला डबल वेअर नको, हेही मान्य. मी माझ्या तेलकट चेहऱ्यावरून बोलत होते.

कृष्णकमळ
आज जाऊन आले, मेट्रोनेच. लक्ष्मी रोडवरच्या दुकानात तीन पट्टे ओढून घेतले आणि फुटपाथवर येऊन उभी राहिले. लेकीने माझी मान उजेडाकडे वळवली. दोन पट्टे तिला लांबूनच दिसले, मधला काही केल्या सापडेना. तोच घेतला. मॉइश्चरायझर, मस्करा, एक मातकट गुलाबी लिपस्टिक आणि स्पंज धरून २,९४० झाले. घरी दिवा घालवून फ्लॅशने फोटो काढले. चेहरा आणि मान एका बाईची दिसतेय. ते फोटो बहिणीला पाठवले.

एक राहिलं. आदल्या दिवशी हळद आहे. विहीणबाई आणि जावा माझ्याही गालाला लावणारच. पिवळेपणा राहिला तर ही छटा जुळेल का? आणि त्यांना नको कसं म्हणू?

रंगरेषा
नको म्हणू नका, लावू द्या. त्याआधी चेहऱ्याला खोबरेल तेल चांगलं चोळून घ्या. हळद तेलावर बसते, त्वचेला कमी धरते. कार्यक्रम झाला की पुन्हा तेलाच्याच कापसाने पुसा, मग साबण. थोडी राहिलीच तर सकाळी ओल्या फडक्याने परत एकदा. आणि स्पंज वापरण्याआधी भिजवून पिळा, कोरडा लावलात तर फाउंडेशन तोच पिऊन टाकेल.