ओव्हरलँड ट्रॅक: वाळलेल्या चिखलाने काय बिघडतं? बूट नीट धुवायचे कसे?

पायवाट:
जानेवारीत टास्मानियातला ओव्हरलँड ट्रॅक करायचा आहे. दोघं, सहा दिवस, रॉनी क्रीक ते नार्सिसस हट, ६५ किमी. बूट, गेटर (बुटावरून नडगीवर चढवायचं आवरण) आणि तंबू व्हिक्टोरियातल्या ट्रेकना वापरलेले आहेत, चिखल वाळून खडखडीत झालाय. त्याने खरंच काही बिघडतं का? धुवायचे तर कशाने? आणि स्टोव्हचं इंधन मेलबर्नहून विमानात नेता येईल का?

मुळाक्षर:
वाळलेला चिखल निरुपद्रवी वाटतो, आणि घोटाळा तिथेच होतो. त्यात फायटॉप्थोरा सिनॅमोमी ही झाडांना रोग लावणारी सूक्ष्म जीवजात दडलेली असू शकते. ती दिसते बुरशीसारखी, पण पाण्याच्या जिवावर पसरते. ओल्या मातीत तिचे बीजाणू पोहत मुळांपर्यंत जातात आणि मुळं कुजवतात. वर पाऊस पडत असतो आणि झाड मात्र पाण्याविना सुकल्यासारखं मरतं. बँक्सिया आणि ग्रासट्री ही झाडं हिला चटकन बळी पडतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात यालाच डायबॅक म्हणतात. माती वाळली की जाड कवचाचे बीजाणू पडून राहतात, ओल मिळाली की पुन्हा जागे होतात. रानात एकदा शिरली की तिला तिथून हुसकावता येत नाही. म्हणून सगळा जोर ती आत जाऊ न देण्यावर.

धुताना क्रम चुकवू नका. नाड्या आणि आतला सोल काढा. तळव्याच्या खाचांतली माती काडीने आणि कडक ब्रशने कोरडीच उकरा. टाचेपुढच्या कोपऱ्यात आणि जिभेच्या घडीत हमखास खडा किंवा मातीची वडी दडलेली असते, तिथे बोट फिरवून बघा. मग साबणाच्या पाण्याने धुवा. सगळं स्वच्छ दिसल्यावरच मेथो (मेथिलेटेड स्पिरिट) मारा: तीन भाग मेथो, एक भाग पाणी, म्हणजे साधारण ७० टक्के. निव्वळ मेथो फार लवकर उडून जातो, नीट काम करत नाही. फवारा मारून किमान मिनिटभर ओलं राहू द्या. मातीच्या गोळ्यावर कितीही फवारलं तरी ते आत उतरत नाही, बहुतेकांचं चुकतं ते इथे. पेटता स्टोव्ह जवळ नको. चामड्याचे बूट असतील तर वाळल्यावर मेण पुन्हा लावा, मेथोने ते निघून जातं.

पायवाट:
बुटांचे तळवे, एवढंच पुरे ना?

मुळाक्षर:
नाही. गेटरच्या वेल्क्रोत गवताचं बी अडकतं, ते चिमट्याने काढा. तंबूचे खुंटे, तंबूचा तळ, ट्रेकिंग पोलची टोकं आणि त्यावरच्या चकत्यांच्या खालची बाजू, हेही धुवा.

उंचवटा:
एक शंका. टास्मानियात सातशे मीटरच्या वर जमीन इतकी थंड असते की फायटॉप्थोराचा फारसा त्रास होत नाही. ओव्हरलँडचा बहुतेक भाग त्याच्या वरच आहे. मग इतका खटाटोप तिथे कशासाठी?

मुळाक्षर:
मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच. तेच बूट पुढे टास्मानियातल्याच साउथ कोस्ट ट्रॅकवर किंवा फ्रेसिनेटला जातात, आणि त्या सखल भागात हा रोग मोकाट पसरतो. दुसरं म्हणजे बेडकांना मारणारी चिट्रिड बुरशी. ती ओल्या सामानातून आणि चिखलातून एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात जाते. ती मात्र पूर्ण वाळवल्यावर मरते. म्हणजे एकीला धुणं लागतं, दुसरीला वाळवणं. दोन्ही करा, आणि टास्मानियाला निघण्याआधी करा. वाटेवर बूट धुण्याची सोय दिसली तर तिथेही थांबा.

निळीज्योत:
इंधनाचं सांगतो. गॅसचा डबा, मेथो, शेलाइट (स्टोव्हचं पांढरं पेट्रोल), काहीही विमानात नेता येत नाही, ना हातातल्या बॅगेत ना सामानात. टास्मानियात लॉन्सेस्टनला उतरल्यावर घ्या. वापरलेल्या स्टोव्हला इंधनाचा वास राहिला तर तोही अडवू शकतात, म्हणून टाकी आणि नळी उघडी ठेवून पूर्ण वाळू द्या. ताजी फळं आणि भाज्याही मेलबर्नहून नेऊ नका, टास्मानियात उतरताना त्या काढून घेतल्या जातात.

गॅस किती? वारा अडवला आणि झाकण लावलं तर लिटरभर पाण्याला साधारण १५ ते २० ग्रॅम जातो. दोघांना दिवसाला तीन लिटर धरलं तर सहा दिवसांना ३०० ग्रॅमच्या आसपास. २३० ग्रॅमचे दोन डबे न्या, थंडीत डबा अर्ध्यावर आला की जोर कमी होतो. मेथोवर चालणारा ट्रँजिया स्टोव्ह वाऱ्यात भरवशाचा आहे, पण त्याचा तळ तापतो, तंबूसाठीच्या लाकडी फळ्यांवर ठेवताना खाली पत्रा हवाच.

या ट्रॅकवर शेकोटीला बंदी का, हेही लक्षात ठेवा. जमिनीत पीट आहे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा जळाऊ थर, आग आत शिरली की खालून धुमसत राहते. २०१६ च्या जानेवारीत विजांनी लागलेल्या वणव्यात मध्य पठारावरच्या पेन्सिल पाइन (सूचिपर्णी झाडं) जळल्या. त्यातल्या काही तर एक हजार वर्षांहून जुन्या असतात, आणि आगीनंतर त्या फुटून येत नाहीत.

उंचवटा:
आणखी दोन गोष्टी. पाऊलवाटेवर चिखल आला तर त्यातूनच चाला. कडेने गेलात की गवत तुडवलं जातं, वाट रुंदावत जाते, आणि कुशन प्लँटवर (उशीसारखी घट्ट वाढणारी बुटकी वनस्पती) एकदा पाय पडला की ती जखम भरायला वर्षानुवर्षं लागतात. गेटर त्यासाठीच असतात.

दुसरं, माउंट ऑसा चढायला वाटेवरच्या पेलियन गॅप खिंडीत बॅगा ठेवताना काळ्या करावाँगपासून जपा. हा पक्षी चोचीने चेन ओढून उघडतो आणि खाऊ काढतो. दोन्ही चेनची टोकं कॅराबिनरने (स्प्रिंगच्या कडीने) एकत्र अडकवा, वर कव्हर घाला आणि बॅग चेनची बाजू खाली करून ठेवा. त्याला माणसाचं अन्न मिळायची सवय लागली की पुढच्या प्रत्येकाच्या बॅगेवर तो झडप घालतो, आणि हाल त्याचेच होतात.

पायवाट:
आभार. आज नाड्या काढून सुरुवात करतो. तंबूचे खुंटे मात्र यादीत नव्हतेच माझ्या.