मज्जारज्जूतली गाठ: ऑपरेशन आणि रेडिएशननंतर पुढची वर्षं कशी जातात?

प्रश्न:
माझ्या धाकट्या भावाच्या (वय ३४) मानेच्या मज्जारज्जूत एपेंडिमोमाची (मज्जारज्जूच्या आतल्या अस्तरातून वाढणारी) गाठ निघाली, ग्रेड २, म्हणजे सहसा हळू वाढणारी. ऑपरेशनमध्ये सगळी निघाली नाही म्हणून रेडिएशन दिलं. ते संपून तीन महिने झाले. आता मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत करंट जातो म्हणतो. गाठ वाढतेय का? रात्रभर झोप लागत नाही मला. ज्यांची दहा-बारा वर्षं झालीत त्यांनी कृपया लिहा.

उत्तर १:
ताई, माझं ऑपरेशन २०१३ चं. हीच गाठ, माझीही थोडी राहिली होती. रेडिएशनचे २८ शेक, रोज १.८ ग्रे (ग्रे म्हणजे डोसचं माप), एकूण ५०.४.

तो करंट मलाही आला. बुटाची नाडी बांधायला वाकलो की सणक थेट पोटरीपर्यंत. याला लर्मिटचं लक्षण म्हणतात. रेडिएशननंतर काही महिन्यांनी येतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं. माझं पाच महिन्यांत गेलं. तरी डॉक्टरांच्या कानावर घालाच. हातापायांतली ताकद कमी झाली किंवा लघवी अडली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

माझं कायमचं राहिलं ते वेगळंच. पाय नेमका कुठे पडलाय ते कळत नाही. गाठ काढायला मज्जारज्जू मागून मधोमध उघडतात, आणि ही जाणीव मेंदूकडे नेणारे तंतू तिथेच असतात. डोळे उघडे असले की निभतं. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल गेलाच. आजही एक हात बेसिनवर ठेवूनच तोंड धुतो. पण चालतो, नोकरी करतो.

ऑपरेशनआधी भाऊ चालत होता का? पुढचं बरंचसं त्यावर असतं.

उत्तर २:
ह्यांची गाठ नवव्या वर्षी परत आली. तक्रार एकही नव्हती, नेहमीच्या एमआरआयमध्ये दिसली. त्या वर्षी 'आता कशाला' म्हणून आम्ही तो टाळणारच होतो. पुन्हा रेडिएशनचा विचार झाला तेव्हा आधीचा डोस कुठे, किती, हे पहिलं विचारलं. डिस्चार्ज कार्डावर ते नव्हतं. रेडिएशन विभागातून पूर्ण रिपोर्ट आत्ताच मागून ठेवा.

प्रश्नकर्ती:
दादा, चालत होता, काठी घेऊन. परवाच तोंड धुताना पडता पडता वाचला. आम्ही अशक्तपणा समजत होतो.

उत्तर १:
अशक्तपणा नसावा. फिजिओला हे असंच सांगा, तोलाचे वेगळे व्यायाम असतात. बेसिनशेजारी धरायला दांडा बसवा आणि रात्री बाथरूमच्या वाटेवरचा दिवा चालूच ठेवा. अंधारात मी दोनदा पडलोय.