हप्पूसिंगला वेगळी मालिका द्यायलाच नको होती

केळीवाला, रावेर:
आधी ऐकून घ्या, मग शिव्या द्या. ‘भाबीजी घर पर हैं’ मधे दरोगा हप्पूसिंग यायचा दोन मिनिटं, पोट पुढे, कपाळावर चिकटवलेल्या बटा, ‘न्योछावर’ म्हणजे लाच मागायचा, खिशात घालायचा अन् चालता व्हायचा. आमच्या घरात हसून ठसका लागायचा. मग २०१९ ला त्यालाच हिरो करून ‘हप्पू की उलटन पलटन’ काढली अन् रोज अर्धा तास तोच. जो माणूस मधे येऊन मजा आणतो त्याच्याच डोक्यावर सगळा भार टाकला की तो बिचारा पण दमतो अन् आपण पण.

भुसावळ जंक्शन:
भाऊ, साफ चूक. लाच मागताना तो काय सांगायचा आठवा, नऊ पोरं अन् वरून बायको गरोदर. चार वर्षं नुसतं ऐकून राहिलो होतो, पोरं दिसली कुठे? ती बघायची हौस सगळ्यांनाच होती. आमची आजी जेवता जेवता पडद्यावरची पोरं बोटावर मोजायची, कधी सहा भरायची कधी सात, मग म्हणे बाकीची कुठे गेली रे, कोणी जेवायला वाढलं का त्यांना. आणि हिमानी शिवपुरींची कटोरी अम्मा, म्हणजे हप्पूची आई, एकटी अख्खी मालिका ओढते. घर तयारच होतं, त्यांनी फक्त दार उघडलं.

धुळेकर:
असं असेल तर अमेरिकेतल्या ‘फ्रेजर’ चं काय? हा डॉक्टर १९८४ ला ‘चीअर्स’ या बारवरच्या मालिकेत आला, बारमधला एक गिऱ्हाईक. १९९३ ला त्याची वेगळी मालिका निघाली, ११ सीझन, २६४ भाग. तयार घर कसलं, जुन्या मालिकेत तर बाप मेला असं सांगून बसला होता! नव्या मालिकेत तोच बाप जिवंत, आपली जुनी खुर्ची घेऊन पोराच्या पॉश फ्लॅटमधे राहायला येतो.

केळीवाला, रावेर:
म्हणजे मेलेला बाप उठवावा लागला. माझाच मुद्दा झाला की.

धुळेकर:
नाही ना आप्पा. जुन्या मालिकेतला बारचा मालक सॅम नव्या मालिकेत त्याला भेटायला येतो अन् तोंडावर विचारतो, तू तर बाप मेला म्हणालास? फ्रेजर म्हणतो, तेव्हा भांडण झालं होतं, रागात होतो. बस. मला तर एकदम पटलं, बांधावरून वाजलं तेव्हा आमचे काका चार वर्षं लोकांना भाऊ वारला म्हणून सांगायचे, अन् भाऊ शेजारच्याच मळ्यात केळीला पाणी भरत होता.

केळीवाला, रावेर:
😂 बरं. पण ‘जोई’? २००४ ला ‘फ्रेंड्स’ संपली अन् त्याच वर्षी तिच्यातल्या जोईची ही वेगळी मालिका आली. त्याला तर बहीण दिली, भाचा दिला, लॉस एंजलिसला बिऱ्हाड थाटून दिलं. ४६ भागांत गुंडाळली, त्यातले शेवटचे तर अमेरिकेत तेव्हा दाखवले पण नाही. घर होतं ना? मग?

शेवभाजी जादा तिखट:
जोई साइडचा नव्हताच, ‘फ्रेंड्स’ च्या सहा मुख्य मित्रांतला एक होता. धागा काढताना बघत जा.

भुसावळ जंक्शन:
असू द्या, मुद्दा तोच राहतो. जोई म्हणजे दुसऱ्याच्या फ्रीजमधलं खाणारा माणूस. समोर मित्र चँडलर लागतो, मैत्रीण मोनिकाचं किचन लागतं. हप्पू स्वतःच्याच घरात मार खातो, अम्माचा वेगळा, बायकोचा वेगळा. जोईला त्याच्या घरात कोण झापणार?

केळीवाला, रावेर:
हे मात्र बरोबर बोलला, जोईपुरतं. हप्पू मला अजून पण दोन मिनिटांचाच आवडतो, त्यात बदल नाही. आजीची पोरं भरली का कधी नऊ?

भुसावळ जंक्शन:
एकदा दहा भरली होती. शेजारचं पोरगं धरलं तिनं.